चिमीच्या आंघोळीचं पाणी

त्या वर्षी उत्तरेश्वरनं कोयता घेतला नाही.

दिवाळी झाली की उमापूरच्या आसपासच्या वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लग्न झाल्यापासून तो आणि शिवकन्या दरसाल त्यांतल्याच एका टोळीबरोबर जात होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या आणि दोघांनी त्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या. या मोळ्या वाहतानाच शिवकन्येचं दोनदा पोट पडलं. दुसऱ्या वेळी तर ती पाचटाच्या कोपीत जेमतेम पडून राहिली आणि लगेच पुन्हा फडात उभी झाली. पुढं तिला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा उत्तरेश्वरनं मुकादमाला परस्पर नकार कळवून टाकला. बायकोला विचारलं नाही आणि आईलाही नाही.

त्याची आई जानकीबाई चांगलीच भडकली. पावसाचं साल कोरडं गेलेलं, बाजरी वीतभर वाढून वाळलेली, कापसाला बोंड नाही. अशा साली टोळी सोडून घरी बसायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं होतं. पण नातवंडासाठी नारायणगडाला नवस तिनंच बोलला होता. त्यामुळं तिला फार ताणता आलं नाही.

माघात मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शिवकन्येच्या माहेरी पाण्याची दशा इथल्याहून वाईट होती, म्हणून ती सासरीच राहिली. दवाखान्यात नर्सनं मुलीला फडक्यात गुंडाळून उत्तरेश्वरच्या हातांवर ठेवलं. उसाची मोळी लीलया डोक्यावर घेणारा हा गडी, पण ते एवढंसं ओझं धरताना त्याचे दोन्ही हात लाकडासारखे ताठ झाले.

घरी आल्यावर मात्र त्याला मतं फुटली. लेकराच्या डोळ्यांत काजळ घालायचं नाही. बाजेखाली शेगडी ठेवायची, पण ओव्याची धुरी कमी करायची, कारण लेकरू शिंकतं. आल्यागेल्यानं तोंडाजवळ तोंड नेऊन बोलायचं नाही. नावाबद्दलही त्याचं ठरलेलं होतं. मुलीचं नाव श्रावणी. शिवकन्येला हसू आलं. ती म्हणाली, असल्या कोरड्या सालात जन्मलेल्या पोरीला श्रावणी म्हणलं तर लोक टिंगल करतील. जानकीबाईला नवसाच्या देवावरून नारायणी हवं होतं. बारसं होईपर्यंत सगळे तिला चिमी म्हणू लागले.

"लोकाला बी लेकरं झाली," जानकीबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "पर असा शाना बाप न्हाई बघितला."

खरा वाद पेटला तो पाण्यावरून.

गावातली विहीर आटली होती. चार-पाच दिवसांनी टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि निघून जायचा. मग सगळं गाव पोहरे टाकायचं. अर्ध्या घटकेत विहिरीचा तळ दिसायचा आणि हातात यायचं ते गढूळ पाणी. त्या धक्काबुक्कीत जानकीबाई साठीच्या वयात उभी राहायची आणि चार घागरी मिळवायची. त्यांतली अर्धी घागर रोज चुलीवर चढायची, बाळ-बाळंतिणीच्या न्हाणासाठी. पाटावर पाय लांब करून जानकीबाई बसायची, चिमीला नडग्यांवर पालथी घालायची, तेल जिरवायची, डाळीचं पीठ लावायची आणि कढत पाण्याचे तांबे ओतायची. चिमी आधी गाव गोळा करायची आणि मग गाढ झोपायची.

उत्तरेश्वरला ते पाणी मोरीतून बाहेर जाताना बघवायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं तरी चालतं, दवाखान्यातली नर्सही तसंच म्हणाली होती, असं त्यानं एकदा सांगून पाहिलं.

जानकीबाई म्हणाली, "नर्सनं तुला न्हाऊ घातलंतं का मी? न्हाणाबिगर लेकराचं अंग भरत न्हाई."

शिवकन्या या वादात पडली नाही. तिला दोघांचंही पटायचं, आणि दोघांचाही राग यायचा.

उन्हाळा तापू लागला तशी जनावरांची आबाळ सुरू झाली. घरात दोन बैल आणि एक गाय. कडबा संपला होता. अशातच उमापूरच्या रस्त्याला, गावातल्या पुढाऱ्यांच्या सहकारी संस्थेनं जनावरांची छावणी उघडली. माळरानावर रांगेनं दावणी, वर पाचटाचे आणि जुन्या लुगड्यांचे आडोसे, मधोमध सिमेंटचा मोठा हौद. जनावरांच्या कानाला बिल्ला मारला की त्यांना ऊस आणि पेंड मिळायची. अट एवढीच, की मालकानं तिथं राहायचं आणि सकाळच्या मोजणीला आपल्या जनावरांपाशी उभं असायचं. म्हणजे ज्या उसाकडं उत्तरेश्वरनं पाठ फिरवली होती, तोच आता तो रोज कोयत्यानं तोडून बैलांपुढं टाकू लागला.

त्याच्या शेजारच्या दावणीला गहिनीनाथ होता. पन्नाशीचा विधुर, एका म्हशीच्या सोबतीला आलेला. उत्तरेश्वरचं सगळं बोलणं लेकीवर यायचं. ती मूठ कशी आवळते, झोपेत कशी हसते. गहिनीनाथ हूं हूं करत ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "समद्याची पोरं झोपेत हसतेत, बे."

मोजणी उरकली की एक दिवसाआड उत्तरेश्वर सायकलवर घरी जायचा. दर खेपेला चिमी थोडी बदललेली असायची. त्यानं उचललं की ती तोंड वाकडं करून रडू लागायची. शिवकन्या म्हणायची, अंगाला पेंडीचा वास येतो म्हणून रडते. तो हातपाय धुवायला म्हणून रांजणाकडं जायचा, आणि रांजणात डोकावून तसाच परत यायचा.

एकदा असाच तो आला तेव्हा जानकीबाई दाराशी डोकं खाजवत बसली होती. केसांच्या जटा झालेल्या, लुगडं घामानं कडक झालेलं. त्यानं शिवकन्येला आत बोलावून विचारलं. ती आधी सांगेना. मग हळूच म्हणाली, की आत्याबाईंनी अंगावर पाणी घेतल्याला किती दिवस झाले, देव जाणे. त्यांच्या वाटचं पाणी त्या चिमीला आणि मला घालतात. मी नको म्हटलं तर ओरडतात.

उत्तरेश्वर त्या दिवशी लवकर परतला. दुसऱ्या खेपेला त्यानं सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दोन कॅन बांधले आणि छावणीतलं पाणी भरून घरी आणलं. जानकीबाईनं विचारलं, तेव्हा छावणीतल्या माणसांना टँकरचं जास्तीचं पाणी मिळतंय, एवढं तो बोलला. खरं तर माणसांच्या पिण्याचं पाणी पिंपात असायचं आणि ते तांब्यानं मोजून मिळायचं. त्यानं कॅन भरले होते जनावरांच्या हौदातून. पाणी वरून नितळ दिसत होतं. न्हाणाला काय होतंय, असं त्याला वाटलं. त्या दिवशी जानकीबाई न्हाली, आणि ओले केस पाठीवर सोडून उन्हात बसली. तिला तसं बसलेलं पाहून त्याला बरं वाटलं. मग दर खेपेला तो कॅन नेऊ लागला.

छावणीत अशी गोष्ट लपत नाही. एका सकाळी तो कॅन बांधत असताना छावणीवर देखरेख करणारा पंडित आला आणि त्यानं सायकलचं हँडल धरलं. पाठोपाठ संस्थेचे चेअरमन भगवानराव आले. पांढऱ्या कपड्यांतला, कमी बोलणारा माणूस. आजूबाजूच्या दावणींवरची माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. पंडितनं सगळ्यांसमोर सांगितलं, की हा दिवसाआड हौदातलं पाणी घरी नेतो आणि दुपारी जनावरं कोरड्या हौदाला तोंड लावतात.

भगवानरावांनी त्याला विचारलं, पाणी कशाला लागतं. उत्तरेश्वरनं खाली बघत सांगितलं, लेकरू लहान आहे.

"लेकरू लहान हाय तर मला मागायचं," भगवानराव म्हणाले. "मुक्या जनावराच्या तोंडचं न्यायचं न्हाई. आज भरलंय तेवढं ने. उद्यापासून कॅन दिसला तर बिल्ले काढून घीन."

गहिनीनाथनंही नजर वळवली. त्याच्या म्हशीनंही त्या कोरड्या हौदाला तोंड लावलं होतं. उत्तरेश्वरनं सायकल काढली. घरापर्यंत त्याचे कान जळत होते. घरी त्यानं कॅन उतरवले, चिमीकडं न बघता जेवला आणि उन्हातच परत फिरला. आता पाणी येणार नाही, एवढं सांगायचंही त्याला सुचलं नाही. जानकीबाईनं ते पाणी नेहमीसारखंच काटकसरीनं वापरलं. रांजणातलं टँकरचं पाणी संपलं तेव्हा तिनं गुटीसाठी याच पाण्यातलं घेतलं. वेखंड, जायफळ, हळकुंड, सगळं सहाणेवर त्यातच उगाळलं आणि चिमीला चाटवलं. तिच्या लेखी ते माणसांच्या टँकरचं पाणी होतं.

दोन दिवसांनी दुपारी गावातल्या एकाच्या फोनवरून शिवकन्येचा निरोप आला. चिमीला सकाळपासून जुलाब होत होते आणि ती दूध ओढत नव्हती. गहिनीनाथ म्हणाला, तू जा, जनावरं मी बघतो. उत्तरेश्वर पोचला तेव्हा जानकीबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढत होती. चिमीचे ओठ सुकले होते, टाळू आत गेली होती, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्यानं उचललं तरी ती रडली नाही.

गेवराईला जाणाऱ्या एका जीपमध्ये ते तिघं लेकराला घेऊन बसले. वाटेत वाळूच्या गाड्यांची रांग लागली होती आणि जीप तिच्यामागं रेंगाळत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमीला तपासून लगेच सलाईन लावायला सांगितलं. शीर सापडायला वेळ लागला. मनगटावर, पावलावर, शेवटी डोक्यावर सुई गेली. शिवकन्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईच्या दुधाशिवाय पोटात काय गेलं.

जानकीबाईनं सांगितलं, गुटी दिली, सगळ्याच देतात.

"कोणत्या पाण्यात उगाळली?"

जानकीबाई म्हणाली, छावणीच्या. माझा मुलगा आणतो. शिवकन्येनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. तिला आधीपासून संशय होता, की नव्हता, ते त्याला पुढंही कधी कळलं नाही. पण आता खोटं बोलायला जागा राहिली नव्हती.

"हौदातलं व्हतं," तो म्हणाला. "जनावराच्या."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. जुलाब कशानंही होऊ शकतात, पण सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, गुटी नाही, पाण्याचा थेंबही नाही, एवढं समजावून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. जानकीबाई मात्र होती तिथंच खाली बसली.

"मला सांगितलं कावून न्हाईस?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. "मी त्या लेकराच्या तोंडात घातलं रं ते. ह्या बोटानं."

तुझे केस बघवले नाहीत म्हणून आणलं, हे उत्तरेश्वरच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललो तर दोष तिच्याच पदरात टाकल्यासारखं होईल, असं वाटून तो गप्प राहिला. पुढं पुष्कळदा त्याला वाटलं, की तेव्हा बोलायला हवं होतं.

चिमी वाचली. सलाईन चढत गेलं तसे तिचे डोळे उघडे राहू लागले, मग ती कुरकुरली, मग दूध ओढू लागली. आठवड्याच्या आत ते घरी आले. पण घर पहिल्यासारखं राहिलं नाही. जानकीबाईनं चिमीला हात लावणं सोडलं. पाणी आणायची, ते उकळून ठेवायची, भाकरी थापायची, बाळंतिणीचं सगळं करायची. पण लेकरू रडलं तरी जागची उठायची नाही. शिवकन्येनं न्हाऊ घालायला म्हणून लेकरू पुढं केलं तर म्हणायची, "माझे हात नगं. तूच घाल." शिवकन्या अवघडत घालायची, लेकरू निसटेल या भीतीनं निम्मं पाणी बाहेर सांडायची. आता उत्तरेश्वरला सांडलेल्या पाण्याचं काहीच वाटत नव्हतं.

तो आईशी बोलायचा प्रयत्न करी. डॉक्टरीण काय म्हणाली, जुलाब कशानंही होतात म्हणाली, हे सांगे. आई मान हलवी आणि कामाला लागे. एकदा दोघांचं असंच चाललेलं असताना शिवकन्येचा धीर सुटला.

"तुमी त्येंच्यासाठी लपवायचं, त्येंनी आमच्यासाठी न न्हाता बसायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "एकमेकाला सांगून केलं असतं तर माझ्या लेकराच्या डोक्यात सुई गेली नसती."

नंतर ती स्वतःच बराच वेळ रडली.

इकडं छावणीतही त्याची पत कमी झाली होती. दवाखान्याच्या दिवसांत मोजणीला तो गैरहजर राहिला, म्हणून पंडितनं त्याच्या जनावरांचा चारा बंद केला होता. गहिनीनाथनं आपल्या म्हशीच्या वाटणीतला ऊस त्याच्या बैलांपुढं टाकून तेवढे दिवस काढले. उत्तरेश्वर भगवानरावांकडं गेला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. भगवानरावांनी चारा सुरू करायला लावला, आणि लेकराची तब्येतही विचारली. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी हौदाला जाळीचं झाकण बसवून कुलूप लावलं; ते जनावरांना पाणी पाजायच्या वेळेपुरतंच निघायचं. येताजाता माणसं त्या कुलपाकडं बघायची आणि मग उत्तरेश्वरकडं.

बारसं उन्हाळ्याच्या शेवटी साधंच झालं. पाळण्यात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा उत्तरेश्वरनंच आईला पुढं बोलावलं आणि नारायणी ठेव म्हणाला. जानकीबाई पाळण्याशी आली, नाव कानात सांगितलं आणि लेकराला न शिवता मागं सरली.

पुढं पाऊसपाणी झालं, छावणी उठली, जो तो आपली जनावरं घेऊन घरी गेला. रानात थोडंफार पिकलं, पण ते मागचं साल भरून काढण्याएवढं नव्हतं. दिवाळीच्या आधी मुकादम दारात येऊन बसला. या खेपेला उत्तरेश्वरनं त्याला नाही म्हटलं नाही. मात्र शिवकन्येनं यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. फडात उघड्यावर झोळी टांगायची, तिथं ना सावली ना दवाखाना.

"म्हंजी आले तर लेकरू झोळीत, न्हाई आले तर बापाबिगर," शिवकन्या म्हणाली. "ठरवताना एकडाव मला इचारायचं तरी."

तेव्हा त्यानं तिला विचारलं. बोलणं बरंच चाललं. शेवटी ठरलं तेच, तिनं राहायचं. पण या वेळी ते दोघांनी ठरवलं. एकट्या माणसाचा अर्धा कोयता धरतात. गहिनीनाथही एकटाच निघाला होता, म्हणून दोघांचा मिळून एक कोयता झाला.

तो गेला त्या दिवशी नारायणी अंगणात बसायला शिकली होती. त्याला बघून ती आता रडत नव्हती. तो बैल जुंपत असताना ती एकटक त्यांच्या शिंगांकडं बघत होती.

कर्नाटकात टोळीनं फड धरला आणि महिनाभरानं त्याला घरचा फोन आला. शिवकन्येला ताप भरला होता, अंग उचलत नव्हतं, म्हणून तिनं काही न बोलता नारायणीला उचललं आणि जानकीबाईच्या पायांवर नेऊन ठेवलं. जानकीबाईनं तांब्या मागितला. न्हाणं झाल्यावर ती लेकराला पदरात घेऊन भिंतीला टेकून झोपून गेली. आता रोज तीच घालते, शिवकन्या म्हणाली. उत्तरेश्वरला पुष्कळ विचारायचं होतं, पण फोन दुसऱ्याचा होता आणि मागं माणसं थांबली होती.

टोळीत त्रिंबक नावाचा एक जण होता, त्याच्यासारखाच नवा बाप. त्याचं लेकरू बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचं, आणि त्या बाभळीला घासून ऊस न्यायचे ट्रॅक्टर वळायचे. उत्तरेश्वरला ते दिसलं त्या दिवसापासून त्याचं तोडणीत लक्ष लागेना. दोन दिवस त्यानं दम धरला. तिसऱ्या दिवशी कोयता हातात तसाच धरून तो त्रिंबककडं गेला आणि म्हणाला, की ट्रॅक्टरच्या वाटेवर झोळी नको, पलीकडच्या आंब्याला बांध.

त्रिंबकनं वर न बघता विचारलं, "तुझं लेकरू कुठंय?"

"घरी. आईपाशी."

"मग तुला काय जातंय सांगाया? आंबा हाय तिथून रडलेलं ऐकू येत न्हाई बे."

उत्तरेश्वर आपल्या सरीत परत आला. तो आणि गहिनीनाथ पुन्हा तोडायला लागले. थोड्या वेळानं बांधाकडून ट्रॅक्टरचा आवाज आला, तसा उत्तरेश्वर कोयता टाकून उठला, बाभळीपाशी जाऊन उभा राहिला आणि ट्रॅक्टर वळून पुढं जाईपर्यंत तिथंच थांबला. मग परत येऊन कामाला लागला. त्या फडात होते तोवर दर खेपेला तो हेच करत राहिला, आणि त्यापायी त्याच्या आणि गहिनीनाथच्या मोळ्या रोज कमी भरत राहिल्या.